कोषागाराचे छप्पर

अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेच्या मागील बाजूस एक इमारत छापलेली आहे. ग्रीक देवळासारखे उंच खांब, वर त्रिकोणी शीर्ष आणि समोर मोकळी जागा. ती वॉशिंग्टनमधील अर्थखात्याची, म्हणजे ट्रेझरीची इमारत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती नोटेवर पाहून ठाऊक असते, आतून पाहण्याचा योग क्वचितच येतो. मला या इमारतीचे कुतूहल आहे ते तिच्यातील पैशामुळे नव्हे, तर तिच्या बांधकामाच्या इतिहासामुळे. आगीच्या भीतीतून जन्मलेली, आगीला दाद देणार नाही अशा बेताने बांधलेली ही वास्तू अखेर पेटली ती छपराची डागडुजी चालू असताना.

हकीकत थोडी मागून सांगावी लागेल. वॉशिंग्टन राजधानी झाली तेव्हापासून तेथील कोषागारावर अग्नीची वक्रदृष्टी होती. १८०१ मध्ये त्या वेळच्या इमारतीला आग लागून नुकसान झाले. १८१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश फौजांनी शहर जाळले, त्यात ती गेली. पुन्हा बांधली, ती १८३३ च्या मार्चअखेर रात्री भस्मसात झाली. या तिसऱ्या आगीचा तपास बरीच वर्षे चालला आणि शेवटी निष्पन्न झाले ते मोठे उद्बोधक होते. रिचर्ड आणि हेन्री व्हाइट या दोन भावांनी निवृत्तिवेतनाच्या एका गैरव्यवहारातील कागद नष्ट व्हावेत म्हणून ती लावलेली होती. एकाला शिक्षा झाली. दुसरा मुदतीच्या कायद्याचा आधार घेऊन सुटला. सरकारी कचेरीला आग लागली की 'कोणते कागद जळाले?' हा प्रश्न जनतेच्या मनात प्रथम येतो, तो आजचा नाही आणि आपल्याच देशातला नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

१८३६ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी नव्या इमारतीचे काम रॉबर्ट मिल्स या वास्तुविशारदाकडे सोपविले. आगीला न जुमानणारी इमारत हा मिल्सचा ध्यास होता. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन गावी १८२० च्या दशकात त्याने सरकारी दप्तरासाठी बांधलेली वास्तू आजही 'फायरप्रूफ बिल्डिंग' याच नावाने ओळखली जाते. कोषागारातही त्याने तोच विचार नेला. लाकडी तुळयांवरचे तक्तपोशीचे मजले नाहीत. प्रत्येक खोलीवर विटा-दगडांची कमान, खोल्यांच्या मध्ये जाड भिंती, दगडी जिने. एका खोलीत कागद पेटले तर ती खोली जळेल, शेजारची राहील, असा त्याचा हिशेब. या जडपणावर टीकाही झाली. अर्धवट बांधलेली इमारत पाडून टाकावी असा प्रस्ताव १८३८ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे आला होता, तो थोडक्यात बारगळला. पूर्वेकडील तीस खांबांची ओळ आणि मधला भाग १८४२ पर्यंत पूर्ण झाला, उरलेल्या बाजू टप्प्याटप्प्याने होत १८६९ साल उजाडले.

मिल्सने ज्या आगीची कल्पना केली ती खालून येणारी आग होती. मेणबत्ती कलंडेल, शेगडीतला निखारा उडेल, एखादा व्हाइट रात्री काडी ओढील. ही सारी संकटे मजल्यावर उद्भवणारी. त्यांना अडविण्यासाठी कमानी होत्या आणि त्यांनी दीडशे वर्षे आपले काम चोख बजावले. २६ जून १९९६ रोजी आग लागली ती कमानींच्या वर, छपरात, तेथे दुरुस्तीचे काम चालू असताना. इमारत रिकामी करण्यात आली. शेजारीच व्हाइट हाऊस असल्याने धुराचे लोट साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. आग विझली, पण ती विझविण्यासाठी ओतलेले पाणी मजल्या-मजल्यांतून खाली झिरपत गेले आणि गिलावा, रंगकाम, तारा, दप्तर यांची जी अवस्था व्हायची ती झाली. त्यानंतर साऱ्या इमारतीच्या दुरुस्तीचा व पुनरुज्जीवनाचा जो कार्यक्रम हाती घ्यावा लागला, तो जवळपास दहा वर्षे चालला. छपराची डागडुजी काढली होती ती इमारत टिकावी म्हणून!

हा अपवाद असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु जुन्या इमारतींच्या आगींचा इतिहास चाळू लागले की छपरावरचे काम हा शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा भेटतो. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातील अपपार्क हा सतराव्या शतकाच्या अखेरचा वाडा ३० ऑगस्ट १९८९ रोजी जळाला. छपरावरील शिशाच्या पत्र्याचे सांधे ज्योतीने जोडण्याचे काम चालू होते आणि ते संपायला मोजके दिवस राहिले होते. वाडा त्या दिवशी प्रेक्षकांसाठी खुला होता. तेथील कर्मचारी, स्वयंसेवक आणि अग्निशामक दलाचे जवान यांनी रांगा करून तळमजल्यावरील चित्रे, गालिचे, खुर्च्या बाहेर काढल्या. वरचे मजले मात्र छपरासकट कोसळले. १९९५ मध्ये वाडा पुन्हा उघडला.

आणखी अलीकडचे उदाहरण डेन्मार्कचे आहे, आणि ते अर्थशास्त्राच्या माणसाला अधिक चटका लावणारे आहे. कोपनहेगनचे जुने शेअरबाजार भवन, 'बोर्सन', हे राजा चौथा क्रिस्तियान याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविले. चार नागसर्पांच्या, खरे तर ड्रॅगनांच्या, शेपट्या एकमेकींत पिळून वर गेलेल्या आहेत असा त्याचा मनोरा होता. अलीकडे तेथे डॅनिश वाणिज्य संघटनेचे कार्यालय होते. चारशे वर्षे पूर्ण होणार म्हणून मोठ्या हौसेने जीर्णोद्धार काढला होता. १६ एप्रिल २०२४ च्या सकाळी छपरात आग लागली आणि तासाभरातच तो मनोरा रस्त्यावर कोसळला. संघटनेचे अधिकारी, रस्त्याने जाणारे लोक, जवान अशा सर्वांनी मिळून भिंतींवरची चित्रे बाहेर काढली. त्यांत क्रोयर या चित्रकाराने रंगविलेले, त्याच दालनातील व्यापाऱ्यांचे भव्य समूहचित्रही होते. आगीचे नेमके कारण पोलिसांना निश्चित करता आले नाही.

त्याच्या पाच वर्षे आधी, १५ एप्रिल २०१९ ला, पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर जळाले तेव्हाही पराती बांधलेल्या होत्या, काम चालू होते, आणि कारण तेव्हाही शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. तेथे धुराची सूचना देणारी यंत्रणा वाजली होती. पहारेकरी मात्र चुकीच्या माळ्यावर पाहायला गेला, आणि तो परत येऊन योग्य ठिकाणी चढेपर्यंत अर्धा तास निघून गेला.

आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ च्या त्या दिवशी मुंबई बंदरात 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, त्यात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत अग्निसुरक्षा सप्ताह असतो. दिल्ली असो, भोपाळ असो की गुवाहाटी, केंद्र सरकारच्या बहुतेक कचेऱ्यांत त्या आठवड्यात प्रवेशद्वाराशी फलक लागतो, छातीला कागदी ध्वज लावला जातो, आणि मागच्या अंगणात एका पत्र्याच्या डब्यात डिझेल पेटवून लाल नळकांड्याने विझविण्याचे प्रात्यक्षिक होते. नोत्र-दाम आणि बोर्सन ह्या दोन्ही आगी नेमक्या याच सप्ताहाच्या तारखांत पडाव्यात हा निव्वळ योगायोग. पण एप्रिलबद्दल आपल्यापुरते एक सांगण्यासारखे आहे, त्याकडे पुढे येतो.

छपराची आग ही इतर आगींहून वेगळी का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मी अभियंता नाही; परंतु नोकरीच्या निमित्ताने अभियंत्यांची अंदाजपत्रके वाचण्यात आयुष्य गेले आणि त्या निमित्ताने जे विचारून घेतले ते सांगतो.

पहिली गोष्ट, ज्योत जिथे लावतो तिथे आग लागत नाही. लागते ती पलीकडे. धातूचा पत्रा तापला की उष्णता त्याच्या मागच्या बाजूस पोचते. तिथे शंभर वर्षे वाळलेले लाकूड असते, त्यावर भुसा, कोळिष्टके, कबुतरांची घरटी. लाकूड लगेच भडकत नाही. ते आत धुमसत राहते, तासभर, दोन तास, कधी त्याहूनही अधिक. तोवर कामगार जेवायला किंवा घरी गेलेला असतो. दुसरी गोष्ट, वळचणीखालून वारा येतो आणि छपराखालची सलग पोकळी चुलीच्या धुराड्यासारखी काम करते. तिसरी मला सर्वांत विलक्षण वाटते. छप्पर हे पाणी आत येऊ नये म्हणून केलेले असते, आणि ते गुण आग लागल्यावरही सोडत नाही. खालून मारलेला पाण्याचा फवारा तांब्याच्या वा शिशाच्या पत्र्यावरून घरंगळून गटारात जातो. आग त्या पत्र्याच्या आड निवांत असते. कोपनहेगनला जवानांना हाच अनुभव आला. चौथी गोष्ट सर्वस्वी माणसांनी केलेली: दुरुस्ती चालू असते म्हणून धूळ उडते, धूळ उडते म्हणून धूरसूचक उगाच वाजतात, उगाच वाजतात म्हणून ते बंद करून ठेवतात. म्हणजे वर्षभर ज्या यंत्राचे काहीच काम नसते ते ज्या पंधरवड्यात लागणार, नेमके त्याच पंधरवड्यात ते झाकलेले.

आता आपल्या कचेऱ्यांकडे वळू. मैदानी प्रदेशातील आपल्या जुन्या सरकारी इमारतींची छपरे सपाट. लोखंडी वा सागवानी तुळया, त्यांवर दगडी फरश्या किंवा विटांच्या लहान कमानी, आणि वर चुन्याचा कोबा. हा कोबा करण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवत असेल. विटांचे तुकडे, चुना, सुरखी, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी; आणि मग बायकांची रांग लाकडी चोपण्यांनी ताल धरून दिवसचे दिवस ते ठोकत बसे. त्या कामात पाणी होते, घाम होता, वेळ होता; विस्तव नव्हता. सपाट छपरावर विस्तव आला तो डांबराबरोबर. आधी पिंपात उकळणारे डांबर आणि त्यावर अंथरायचा टारफेल्ट, आणि गेल्या काही दशकांत गुंडाळीने येणारे डांबरी पडदे, जे गॅसच्या बंबासारख्या ज्योतीने वितळवून चिकटवितात. हा बदल का झाला याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. मजुरी वाढली, वेळ महाग झाला. जे काम वीस बाया पंधरा दिवस करीत ते चार माणसे दोन दिवसांत करतात. बदल अपरिहार्य होता असेच मी म्हणेन; मात्र त्याबरोबर छपरावर एक नवे संकट आले, त्याची नोंद दरपत्रकात व्हावी तशी झाली नाही.

डोंगरी शहरांची गोष्ट आणखी नाजूक आहे. सिमल्याच्या कचेऱ्या उतरत्या छपरांच्या, देवदाराच्या सांगाड्याच्या, खाली लाकडी छत आणि त्या दोहोंच्या मध्ये अंधारा माळा. जुन्या व्हाइसरॉयांचे निवासस्थान असलेले पीटरहॉफ १९८१ च्या जानेवारीत जळाले. सर स्विंटन जेकब यांनी आराखडा केलेली गॉर्टन कॅसल ही विसाव्या शतकाच्या आरंभीची इमारत, जिथे महालेखापालांचे कार्यालय आहे, तिचे वरचे मजले २०१४ च्या जानेवारीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. या दोन्ही आगी दुरुस्तीमुळे लागल्या असे माझे म्हणणे नाही. सांगायचे एवढेच की त्या प्रकारच्या बांधणीत आग एकदा छपरात शिरली की तिला पुढे अडविणारे काही नसते. मिल्सची कमान तिथे नाही.

महालेखापालांचे कार्यालय म्हटल्यावर माझ्या पेशातल्या माणसाच्या मनात इमारत नंतर येते, आधी येतात ती खाती. भविष्यनिर्वाह निधीची, निवृत्तिवेतनाची. ज्यांनी आयुष्यभर शाळेत शिकविले, रस्ते मोजले, दवाखान्यात पट्ट्या बांधल्या, त्यांचे म्हातारपण त्या कपाटांत ठेवलेले असते. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस येथील सैनिकी सेवा-अभिलेखांच्या इमारतीचा वरचा मजला पेटला. तिथे पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून अधिक लागले आणि अंदाजे १.६ ते १.८ कोटी सैनिकांच्या सेवापुस्तिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के. तिथल्या वृद्ध सैनिकांना आपण युद्धावर होतो हे पुढील कित्येक वर्षे इतर कागदांवरून सिद्ध करावे लागले. तिथे छपराचे काम चालू नव्हते, तो वेगळा प्रकार. परंतु छपराच्या आगीत विझविण्याचे पाणी कागदांवरूनच खाली उतरते, म्हणून परिणाम सारखाच. आणि आपल्याकडे तर जुनी दप्तरे ठेवण्याची जागा कोणती? सर्वांत वरचा मजला किंवा माळा. कारण तिथे उन्हाळ्यात बसवत नाही, म्हणून ती खोली कोणी मागत नाही.

उत्तर भारतातील एका जुन्या कचेरीत मी काही वर्षांपूर्वी कार्यालयप्रमुख होतो. पावसाळ्यात गळती इतकी झाली की दप्तरखोलीत बादल्या ठेवाव्या लागल्या, आणि पुढच्या आर्थिक वर्षासाठी छपराचे काम मंजूर करून घेतले. निधी आला तो जानेवारीत. निविदा, मान्यता, करारनामा यांत फेब्रुवारी संपला. ३१ मार्चला पैसे परत जाणार, म्हणून काम सुरू झाले मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि बिल आधी, उरलेले काम नंतर, या आपल्या सर्वांच्या परिचयाच्या न्यायाने ते एप्रिलअखेरपर्यंत चालले. मघाशी एप्रिलबद्दल म्हणालो ते हेच. आपली अर्थसंकल्पाची रीत आणि पावसाळ्याची तारीख या दोहोंच्या चिमट्यात सापडून देशभरातील सपाट छपरांवर ज्योत पेटते ती नेमकी वर्षातल्या सर्वांत कोरड्या आणि उष्ण दिवसांत, आणि तीही घाईने.

एके दिवशी दुपारी दीडच्या सुमारास मी गच्चीवर गेलो. एक मिस्त्री, तीन तरुण मजूर, एक व्यावसायिक वापराचा गॅस सिलिंडर आणि त्याला जोडलेली लांब नळी. जेवणाची सुट्टी होती. चौघेही जिन्याच्या सावलीत डबे उघडून बसले होते आणि ती नळी टाकीला टेकवून ठेवली होती, तिच्या तोंडाशी बारीक निळी ज्योत तशीच. पुन्हा पेटवायला काडी लागू नये म्हणून. चार पावलांवर जुन्या टारफेल्टचा उकरून काढलेला ढीग. त्याच्याखाली, छताच्या एका बाजूस, व्हरांड्यावरचा लाकडी भाग, आणि त्याला लागून दप्तरखोली. मी ज्योत बंद करायला सांगितली, ती त्यांनी तत्काळ केली. माणसे भली होती. नंतर कनिष्ठ अभियंत्याला बोलावून विचारले की सायंकाळी पाचला हे लोक गेल्यावर इथे कोण थांबते? तो तरुण, हुशार मुलगा. तो म्हणाला, "सर, रेट में नहीं बैठता."

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो खोटे बोलत नव्हता. अंदाजपत्रकात डांबरी पडद्याचा दर चौरस मीटरला होता, जुना थर काढण्याचा होता, मलबा वाहून नेण्याचा होता. काम थांबल्यावर एका माणसाने पाण्याची बादली घेऊन तिथे काहीही न करता बसायचे, याचा दर नव्हता. जो ठेकेदार प्रामाणिकपणे तो खर्च आपल्या दरात धरील त्याची निविदा सर्वांत कमी राहणार नाही; म्हणजे त्याला काम मिळणार नाही. ठेकेदाराच्या दृष्टीने जोखीम किती? त्याची अनामत रक्कम आणि पुढचे नाव. आपली जोखीम? सारी इमारत. ज्याच्या हाती ज्योत आहे त्याचे नुकसान थोडे आणि ज्याचे नुकसान अफाट आहे तो गच्चीवर नाही. बाह्य परिणाम म्हणून विद्यापीठात आम्ही कारखान्याच्या धुराचे उदाहरण घोकत असू. त्याहून नेमके उदाहरण मला त्या दुपारी गच्चीवर सापडले.

यात विम्याचाही एक भाग आहे. खाजगी मालकाच्या इमारतीवर विमा असतो, आणि विमा कंपनीला स्वतःचे पैसे जाण्याची धास्ती असते. लंडनमध्ये १९९० मध्ये ब्रॉडगेट आणि १९९१ मध्ये मिन्स्टर कोर्ट या बांधकाम चालू असलेल्या कार्यालयीन इमारतींना आगी लागल्या. तेव्हा विमा कंपन्या आणि बांधकाम व्यावसायिक यांनी एकत्र येऊन १९९२ मध्ये बांधकामस्थळांच्या अग्निसुरक्षेची संयुक्त संहिता काढली. ती पाळली नाही तर विमा नाही, एवढा साधा तिचा जोर. सरकार मात्र साधारणपणे आपल्या इमारतींचा विमा उतरवीत नाही, आणि ते हिशेबाच्या दृष्टीने चूकही नाही. ज्याच्याकडे हजारो इमारती आहेत त्याने हप्ते भरण्यापेक्षा एखाद्या इमारतीचे नुकसान स्वतः सोसणे स्वस्त. विंडसर किल्ल्याचाही विमा नव्हता. २० नोव्हेंबर १९९२ च्या आगीनंतर दुरुस्तीला सुमारे ३.६५ कोटी पौंड लागले, आणि त्यासाठी बकिंगहॅम राजवाडा तिकीट लावून उघडावा लागला. पण विमा न घेण्यात एक गोष्ट हातची जाते, तिच्याकडे आमच्या पेशाचे लक्ष जात नाही. हप्ता वाचतो, त्याबरोबर हप्त्याच्या मागून येणारा तो खडूस निरीक्षकही वाचतो, जो गच्चीवर चढून 'इथे कोण थांबते?' असे विचारतो.

नियम नाहीत असे नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता १९७० पासून आहे, तिची २०१६ ची आवृत्ती अग्निसुरक्षेला मोठा भाग देते. मात्र ती स्वतःहून बंधनकारक नाही, राज्यांच्या व नगरपालिकांच्या उपविधींत शिरेल तेवढीच चालते. वेल्डिंग व कटिंगच्या वेळच्या खबरदारीचे भारतीय मानक, आय.एस. ३०१६, १९८२ मध्ये सुधारलेले आहे. अमेरिकेत या विषयाचे प्रमाण मानले जाणारे एन.एफ.पी.ए. ५१बी हे मानक ज्योतीपासून ३५ फुटांच्या आत जळाऊ वस्तू नको असे सांगते, आणि काम थांबल्यावर पहारेकऱ्याने किमान अर्धा तास थांबावे असे पूर्वी म्हणत असे; २०१९ च्या आवृत्तीत तो अवधी एक तास केला. अर्ध्या तासाचा तास व्हायला अनेक इमारती जळाव्या लागल्या असणार. अग्निशमन हा विषय मात्र आपल्या घटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे आहे, इमारत केंद्राची, देखभाल सार्वजनिक बांधकामाच्या यंत्रणेची, आणि बसणारे आम्ही. या चौघांपैकी गच्चीवरची ज्योत नक्की कोणाची, हे कागदावर शोधायला बसले की दुपार जाते.

आमच्या कचेरीत त्या वर्षी तोडगा काढला तो अगदी घरगुती होता. एक कार्यालयीन आदेश काढला. रोज सकाळी ज्योत पेटविण्यापूर्वी अभियंता आणि आमचा देखभाल-लिपिक यांनी एका छापील कागदावर सही करायची: आज कोणत्या भागात काम, खाली कोणती खोली, ढीग हलविला काय, वाळूच्या व पाण्याच्या बादल्या आहेत काय. हा कागद नसेल तर सिलिंडर जिन्याने वर जाणार नाही. ज्योत साडेतीनला बंद. त्यानंतर फक्त थंड काम. साडेतीन ते साडेपाच आमचे दोन चौकीदार आळीपाळीने, एक गच्चीवर आणि एक खाली दप्तरखोलीत. खालचा अधिक महत्त्वाचा, कारण धुमसणे वरून दिसत नाही, खालून वास येतो. चौकीदारांपैकी एक गढवाली गृहस्थ होते, निवृत्तीला वर्ष राहिलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारले, साहेब, तिथे करायचे काय? मी म्हटले, बाबूजी, काही करायचे नाही, नाकाने बसायचे. ते त्यांना पटले. पुढे रोज सायंकाळी ते मला येऊन 'आज कोई बू नहीं' असे सांगून जात.

त्या दोन तासांचा अतिरिक्त भत्ता कोणत्या शीर्षाखाली दिला, असा लेखापरीक्षणाचा आक्षेप दुसऱ्या वर्षी आला. मी उत्तरात अंदाजपत्रक, आदेशाची प्रत आणि दप्तरखोलीतील सेवापुस्तिकांची यादी जोडली. आक्षेप दोन पत्रांनंतर मिटला. लेखापरीक्षकाला दोष देत नाही. नसलेल्या दराचा खर्च विचारणे हे त्याचे कामच आहे. तो दर अंदाजपत्रकातच असता तर प्रश्न उद्भवला नसता.

अपपार्कनंतर इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या छपरांवर ज्योतीचे काम शक्यतो टाळण्याकडे कल वाढला. शिशाचा पत्रा थंडच ठेवून लाकडी हातोडीने ठोकून वळविण्याची जुनी कला आहेच. सांधायचे असेल ते खाली अंगणात सांधून वर न्यायचे. आपल्याकडेही आता ज्योतीविना चिकटणारे पडदे आणि ब्रशाने लावायचे लेप मिळतात. ते चौरस मीटरला महाग पडतात हे खरे. परंतु त्या दराशेजारी ज्योतीच्या पद्धतीत चौकीदाराचे तास, बादल्या, परवान्याचा कागद आणि धूरसूचक पुन्हा चालू करून तपासण्याचा खर्च मांडला, तर तफावत बरीच आटते. माझ्यानंतरच्या अधिकाऱ्याने त्याच इमारतीच्या उरलेल्या अर्ध्या छपरासाठी हा तक्ता करवून घेतला, आणि लाकडी व्हरांड्यावरच्या भागापुरता थंड लेप मंजूर झाला. बाकीच्या भागावर ज्योतच चालली, पण निविदेत एक नवी ओळ होती: काम थांबल्यानंतर दोन तास पहारा, दर प्रतिदिन.